डावीकडचं पान

"इंगवले गुरुजी, ही सही तुमचीच ना?"

विस्तार अधिकारी चिंचकर साहेबांनी वही माझ्यापुढं सरकवली, पण सहीवरचं बोट काही उचललं नाही. मी चष्मा लावून बघितलं. लाल शाई, खाली तारीख, आणि 'इंगवले'मधल्या शेवटच्या अक्षराची लांबवलेली शेपटी. तालुक्यात कुणाला तिची नक्कल जमायची नाही.

"माझीच की साहेब," मी हसत म्हणालो. "दुसऱ्या कुणाची असणार? बत्तीस वर्षं हाच हात आहे."

"मग त्याच्या वर काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं. आणि वाचता वाचता माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. कोळेवस्तीची जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत. मी मुख्याध्यापक, एक लाड गुरुजी आणि एक फडतरे बाई. तीन माणसांत चार वर्ग. मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो आणि सव्वीस जानेवारीला पंचायत समिती आदर्श मुख्याध्यापक जाहीर करणार होती. माझा प्रस्ताव चिंचकर साहेबांच्या बॅगेत होता. वार्षिक तपासणीच्या नावाखाली ते त्याच्यासाठीच आले होते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी वर्ग रंगवून घेतले होते, खिचडीत त्या दिवशी मटार पडला होता. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं. तेवढ्यात साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर जेवायला म्हणून वस्तीत गेला तो लवकर आलाच नाही. साहेबांना करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी टेबलावरची टाचणवही उघडली. नाहीतर टाचण कोण वाचतंय?

आता हे टाचण म्हणजे काय ते सांगतो. उद्या वर्गात काय शिकवणार, कसं शिकवणार, साहित्य काय लागणार, हे शिक्षकानं आदल्या दिवशी वहीत लिहून काढायचं. लिहायचं उजवीकडच्या पानावर. डावीकडचं पान शेऱ्यासाठी कोरं सोडायचं. आठवड्याच्या शेवटी मुख्याध्यापकानं सगळं वाचून त्या डाव्या पानाच्या तळाशी सही ठोकायची. नियम असा. रीत वेगळी. शनिवारची शाळा सकाळची, साडेदहाला सुटायची, आणि माझी एसटी पावणेअकराला फाट्यावर यायची. ती चुकली की दीड वाजेपर्यंत बाभळीखाली बसा! मग पंधरा मिनिटांत दोन वह्या, सहा सहा पानं. मी अंगठ्यानं पानाचा खालचा कोपरा तेवढा उचलायचो. सही, तारीख, पुढचा कोपरा. डोळे खिडकीतून फाट्यावर. माझ्या वेळच्या मुख्याध्यापकांनीही असंच केलं आणि त्यांच्या वेळच्यांनीही. त्यात काही पाप आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

फडतरे बाईंचं नाव वैजयंता. वय पस्तिशीचं. अक्षर असं देखणं, की त्यांचा फळा पुसताना पोरं एकमेकांकडं बघायची. नवरा तालुक्याला बांधकाम खात्यात कारकून, घरी सासू. बाई बोलायला कमी, कामाला चोख. एवढीच माझी त्यांची ओळख. तिसऱ्या वर्षीही एवढीच.

जुलैतला एक शनिवार. मी सह्या उरकून पिशवी खांद्याला लावत होतो, तर बाई दारात उभ्या.

"गुरुजी, एक विचारायचं होतं."

"विचारा, पण चालता चालता. गाडी यायची वेळ झालीय."

"टाचणाच्या डावीकडच्या पानावर मी थोडं माझं लिहिलं तर चालेल का? म्हणजे दिवस कसा गेला, असं."

"न चालायला काय झालं? परवाच्या प्रशिक्षणात तेच तर घोकत होते. शिक्षकानं चिंतन करावं म्हणून."

"तुम्ही वाचणार असाल तरच लिहीन, गुरुजी."

फाट्यावर हॉर्न वाजला. मी निम्मा व्हरांड्याबाहेर होतो.

"अहो, लिहा! मी बघतो ना सगळं."

"आणि कुणाला सांगायचं नाही."

"मी कशाला कुणाला सांगतोय!"

हे वचन मात्र मी शेवटपर्यंत पाळलं. जे आपल्याला माहीतच नाही ते माणूस कुणाला सांगणार?

ऑगस्टमध्ये सरपंचांनी शाळेला नवा लाऊडस्पीकर दिला. तोवर सकाळचा परिपाठ, म्हणजे प्रार्थना, सुविचार, बातम्या, बाई घ्यायच्या. माईकवर बोलायची मला पहिल्यापासून हौस. एका सोमवारी मी जाहीर करून टाकलं, "बाई, उद्यापासून परिपाठ मी घेतो. तुम्ही मागं थांबा." बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, घ्या, बाईंना अपमान वाटला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी थालीपिठाचा डबा आणला, वर लोण्याचा गोळा.

"हे कशाला, बाई?"

"तुमचे फार उपकार आहेत, गुरुजी."

मी मनात म्हटलं, वर्षअखेरचा गोपनीय अहवाल चांगला लिहून हवाय वाटतं! आणि थालीपीठ खाल्लं. चांगलं झालं होतं.

पुढं पुढं बाई बदलल्या. दिवाळीनंतर तर हसायला लागल्या. डिसेंबरात त्यांनी मुलींची लेझीम बसवली, स्वतः मधे उभं राहून ठेका दिला. लाड गुरुजी मला म्हणाले, "काय जादू केलीत, बाईंवर?" मी मिशीला हात लावून म्हणालो, "मुख्याध्यापक चांगला असला की शाळा हसते." असा मी.

तर त्या जानेवारीतल्या दुपारी साहेबांचं बोट माझ्या सहीवर होतं आणि मी वर वाचत होतो.

'आज अंथरुणातून उठवेना. दूध उतू गेलं तेव्हा समोरच उभी होते. सासूबाई म्हणाल्या, लक्ष कुठं आहे? कुठंच नव्हतं. कुणी काही बोललेलं नाही, मारलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही. तरी असं का होतं ते कळत नाही.'

खाली माझी सही.

साहेबांनी पान उलटलं. 'परिपाठाला उभी राहिले की भरून येतं. मुलं डोळे मिटतात तेवढ्यात रडून घेते. प्रार्थना लहान आहे, लवकर आवरावं लागतं.'

सही.

'गुरुजींनी परिपाठ स्वतःकडं घेतला. चारचौघांत काही विचारलं नाही, काही दाखवलं नाही. असं न विचारता समजून घेणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. घरी येऊन खूप दिवसांनी पोटभर जेवले.'

सही, तारीख, लांबवलेली शेपटी.

"अजून आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "हे बघा, सप्टेंबरातलं."

'काल विहिरीकडच्या वाटेनं आले. थांबले होते थोडी. मग आठवलं, उद्या शनिवार, गुरुजींना वही द्यायची आहे आणि शुक्रवारचं लिहायचं राहिलंय. घरी आले. लिहिलं.'

त्याच्याखालीही माझी सही होती. त्या दिवशी शाई संपत आली असावी, अर्धी लाल, अर्धी नुसता ओरखडा.

मी खुर्चीत बसलो. साहेबांनी एका पोराला हाक मारून बाईंना बोलावणं धाडलं.

बाई पदराला खडू पुसत आल्या. टेबलावरची उघडी वही बघितली आणि जराशा दचकल्या. मग माझ्याकडं बघून सावरल्या. ते सावरणं मला अजून दिसतं. पाठीशी कुणी उभं असलं की माणूस जसं सावरतं, तसं.

"बाई, हे काय आहे?" साहेब म्हणाले. "टाचणवही सरकारी कागद आहे. तिच्यात हे?"

"साहेब, मला साताऱ्याच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. मनाचं. ते म्हणाले, रोज लिहा. खरं खरं लिहा. आणि विश्वासाच्या एका माणसाला वाचायला द्या. घरात वही ठेवायची सोय नाही. आमच्यात कपाटं सगळे उघडतात. टाचणवही मात्र कुणी उघडत नाही."

"आणि विश्वासाचं माणूस?"

"गुरुजी आहेत ना!" बाई म्हणाल्या, आणि अगदी अभिमानानं म्हणाल्या. "त्यांची परवानगी घेऊनच लिहितेय. दर शनिवारी वाचतात. तोंडानं एक शब्द काढत नाहीत, पण सगळं ध्यानात ठेवतात. साहेब, मी आज उभी आहे ती त्यांच्यामुळं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. नोकरी करून करून थकलेला माणूस, आणि मला वाचवायलाच बघत होते बिचारे.

"गुरुजी, नीट ऐका," ते सावकाश म्हणाले. "तुम्ही हे वाचलं असेल, तर सहा महिने अशा अवस्थेतल्या बाईंना पोरांच्या वर्गावर का ठेवलंत आणि वर का कळवलं नाहीत, याचं लेखी उत्तर मला घ्यावं लागेल. मग हा प्रस्ताव मी पुढं नेऊ शकत नाही. आणि न वाचता सह्या केल्या असतील, तर त्यात काय, सगळेच करतात. तोंडी समज देतो, विषय इथंच मिटतो. बोला. वाचलंत का?"

आता खोटं बोलायला मी कच्चा होतो, असं कुणी म्हणू नये. पटावर नसलेली पोरं मी पटावर बसवली होती. न झालेल्या पालकसभांची इतिवृत्तं लिहिली होती, वर कोण काय बोललं तेसुद्धा. एक 'हो' म्हणायला काय लागत होतं? बाई समोर उभ्या होत्या, हाताला खडू, आणि मी हो म्हणणार याची त्यांना तीळभर शंका नव्हती. बत्तीस वर्षं कागदावर खोटं लिहिणाऱ्या माणसाला नेमकी त्याच दिवशी खरं बोलायची बुद्धी झाली.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "एक ओळसुद्धा वाचलेली नाही."

साहेबांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. बाई तशाच उभ्या. त्यांना वाटलं असावं, गुरुजी साहेबांना गुंडाळताहेत. त्या थोडं पुढं आल्या.

"गुरुजी, एकसुद्धा नाही?"

"कधी वाचणार, बाई? शनिवारी गाडीची घाई असते."

"मग परिपाठ?"

इथं तरी गप्प बसायचं! पण साहेब बघत होते, आणि माणूस एकदा अंग काढून घ्यायला लागला की पार कातडीसकट काढतो.

"तो लाऊडस्पीकर नवा आला होता म्हणून," मी म्हणालो.

बाईंनी वही मिटली, टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "मुलं वर्गात एकटी आहेत. जाते मी."

साहेबांनी तोंडी समज दिली, ती मी उभं राहून घेतली. ड्रायव्हर आला. जाताना साहेब जीपच्या दारात थबकून म्हणाले, "गुरुजी, बाईंना जरा सांभाळून घ्या." मी म्हटलं, हो साहेब. त्याला हो म्हणायला काही अडचण नव्हती.

सव्वीस जानेवारीला पुरस्कार मिळाला. शाल, नारळ, काचेच्या पेटीतली सरस्वती. आमच्या हिनं ती दिवाणखान्यात मधोमध ठेवली, अजून तिथंच आहे. आल्यागेल्याला ती कौतुकानं दाखवते आणि मी उठून पाणी प्यायला जातो.

तपासणीनंतरच्या शनिवारपासून मी टाचण वाचायला लागलो. अक्षर न् अक्षर. एसटी सोडून दिली, बाभळीखाली बसणं पत्करलं. उजवीकडं सगळं ठाकठीक. घटक अपूर्णांक. साहित्य, एक भाकरी. भाकरीचे चार समान भाग करून दाखवणे. डावीकडचं पान कोरं. सहाच्या सहा पानं कोरी. मी सहीबरोबर 'छान' लिहायला लागलो. पुढच्या आठवड्यात 'उत्तम मांडणी'. एकदा अर्धं पानभर शेरा लिहिला, लाल शाईत, बाईंच्या अध्यापनकौशल्याबद्दल. त्याचं पुढं काही झालं नाही. बाई वही ठेवायच्या, वही न्यायच्या. हसणं गेलं. लेझीम कपाटात गेली. पोरांवर कधी ओरडायच्या नाहीत, ते ओरडायला लागल्या आणि मग तेही बंद झालं.

फेब्रुवारीत एकदा शाळा सुटल्यावर मी त्यांना थांबवलं.

"बाई, पूर्वीसारखं लिहा की. आता वाचतो मी. देवाशप्पथ वाचतो."

"टाचण अपुरं आहे का, गुरुजी?"

"टाचणाचं नाही म्हणत मी."

"टाचण पूर्ण असेल तर जाते," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मार्चमध्ये वैद्यकीय रजेचा अर्ज आला. अर्ज नवऱ्याच्या अक्षरात, खाली बाईंची सही. ती सही मला ओळखू आली नाही. पुढं वर्षभरानं त्यांनी नोकरीच सोडली, असं लाड गुरुजींकडून कळलं. मी शेवटचं त्यांना बघितलं ते एप्रिलमध्ये. बैल गेला आणि झोपा केला, तशी माझी गत. पण म्हटलं, निवृत्त व्हायच्या आधी एकदा त्यांच्या घरी जाऊन यावं. जे करायला पाहिजे होतं ते आता तरी करावं.

रविवार होता. फडतऱ्यांनी दार उघडलं, आदरानं खुर्ची पुढं केली. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"बरं झालं आलात, गुरुजी," ते म्हणाले. "तुम्हीच काही सांगून बघा हिला. गोळ्या दुप्पट झाल्या. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असते. डॉक्टरांनी परवा विचारलं, लिहिणं चालू आहे का? तर म्हणते, बंद केलं. तेव्हा कुठं मला कळलं की ही शाळेत टाचणवहीत लिहायची. मला पत्ता नाही! मी काय वाघ आहे का हो, घरात लिहिलं असतं तर खाल्लं असतं?"

मी खुर्चीत जरा मागं सरकलो.

"डॉक्टर म्हणाले, वाचायचं कोण? ही म्हणाली, आमचे गुरुजी वाचायचे. मग बंद का केलंत, म्हणून विचारलं, तर त्यावर तोंडच उघडत नाही." फडतरे पुढं वाकले. "गुरुजी, खरंच वाचायचात का तुम्ही?"

म्हणजे बाईंनी सांगितलं नव्हतं. ना नवऱ्याला, ना डॉक्टरांना. माझं झाकून ठेवलं होतं त्यांनी.

तेवढ्यात त्या आतून आल्या. अंग सुटलेलं, डोळे जड. हातात चहाचे दोन कप. दारातच थांबल्या, आणि मला वाटलं, देवानं दुसऱ्यांदा संधी दिली. ही नाही घालवायची.

"हो," मी मोठ्यानं म्हणालो, त्यांना ऐकू जाईल असं. "वाचायचो. प्रत्येक शब्द वाचायचो. दर शनिवारी."

बाई पुढं आल्या. एक कप नवऱ्याला दिला, एक माझ्यासमोर ठेवला. कपाचा कान माझ्या बाजूला वळवला.

"साखर कमी वाटली तर सांगा," त्या म्हणाल्या. मग त्याच आवाजात, खालमानेनं म्हणाल्या, "हे त्या दिवशी म्हणायचं होतं, गुरुजी."

"कुठल्या दिवशी?" फडतऱ्यांनी विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. "कुठल्या दिवशी गं?"

बाई आत निघून गेल्या. मी कप उचलला आणि चहा प्यायला लागलो.